उन्हात ठेवलेले सेल

गाणं तिसऱ्यांदा परत आलं तेव्हा खाली गिरणीत कुणाची तरी ज्वारी चालली होती आणि माझ्या टेबलावरचा चहा कपातल्या कपात थरथरत होता.

पडद्यावर स्वरसाठ्याचा निरोप होता. स्वरसाठा म्हणजे आता सगळी गाणी जिथून लोकांच्या कानात जातात ते ठिकाण. निरोप नेहमीसारखाच गोड. ‘आपल्या कलेबद्दल आम्हाला नितांत आदर आहे. चाहूल : ९१. मर्यादा : ७५. कृपया नवीन गाणे पाठवावे.’

“काय म्हणतात?” सरांनी काचेपलीकडून विचारलं.

“आदर आहे म्हणतात.”

“म्हणजे परत आलं.”

सर म्हणजे उन्मेष टेंबे. तुम्ही महाराष्ट्रात राहत असाल तर तुमच्या लग्नात, किंवा ते मोडलं तेव्हा, त्यांचं एखादं गाणं वाजलंच असणार. संथ, हळुवार, प्रेमाची, बहुतेक वेळा गेलेल्या प्रेमाची गाणी. आजवर एकशे सत्त्याऐंशी. ती सगळी सारखीच वाटतात, हे लोक गेली पंधरा वर्षं म्हणतायत आणि तरी ऐकतायत. ‘टेंब्यांचं नवीन गाणं ऐकलंस का?’ ‘हो, लहानपणीच.’ हा विनोद मी स्वतः चार वेगवेगळ्या लग्नांत ऐकलाय, आणि चारही वेळा मागे त्यांचंच गाणं चालू होतं.

मी त्यांची संगीत संयोजक, शलाका निकम. कागदोपत्री बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सोडलेली. वाद्यं बसवणं, ध्वनिमुद्रण, नंतरची सफाई, सगळं बघून बघून आणि मुख्यतः चुकून चुकून शिकले. अठ्ठावीस वर्षं त्यांच्याबरोबर आहे. कोल्हापुरात चौगुल्यांच्या पिठाच्या गिरणीवर आमचा स्टुडिओ आहे. भाडं परवडलं म्हणून घेतला आणि मग कळलं की सोमवारी गिरणी बंद असते तेवढाच एक दिवस इथे गाणं म्हणता येतं. बाकीचे सहा दिवस भिंती दळतात. टेंब्यांना बाकी सगळे दादा म्हणतात, मी सर म्हणते. दादा म्हणणं मला कधी जमलं नाही. का जमलं नाही, ते खोदून बघायचं मी टाळत आले आहे.

सर बाहेर आले आणि माझा चहा उचलून प्यायले.

“शलाका, हा सोमवार सोडून पुढच्या सोमवारी एकदा गातो. हेच गाणं. तेही परत आलं तर संपलं. मग गुऱ्हाळ काढतो.”

“गुऱ्हाळ?”

“गूळ तरी सगळा सारखाच लागलेला चालतो लोकांना.”

मी हसले. ते हसले नाहीत. कप ठेवताना त्यांचा हात किंचित चुकला आणि बशीचा आवाज झाला. चौसष्ट वर्षांच्या माणसाने गाणं सोडतो म्हणणं आणि उद्यापासून साखर सोडतो म्हणणं यांतला फरक मला त्या आवाजात ऐकू आला.

हे चाहूल प्रकरण थोडं सांगायला हवं. मलाही ते इराने तीनदा समजावलं तेव्हा कळलं. इरा म्हणजे सरांची मुलगी. मेंदू आणि आवाज यांवर पुण्यात संशोधन करते. तिची आई अनघा गेल्यापासून तिथेच असते.

तिचं म्हणणं असं. आपल्याला वाटतं आपण गाणं ऐकतो. मेंदू नुसतं ऐकत बसत नाही, तो सतत पुढचा अंदाज बांधत असतो. अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी संपली तरी पाय आणखी एक पायरी शोधतो आणि आपण दचकतो, तसंच. प्रत्येक सुराआधी मेंदू हळूच सांगतो, आता हा येणार, आता येणार. आला तर मेंदूत एक बारीकशी लाट उठते. नाही आला, किंवा वेगळाच आला, तर सेकंदाच्या पाचव्या हिश्शात मोठी लाट उठते. कानामागे लावायच्या चिमट्याएवढ्या यंत्राने ती लाट मोजता येते. गाण्यातल्या शंभर जागांपैकी किती जागा मेंदूला आधीच कळल्या होत्या, तो आकडा म्हणजे चाहूल. फार कमी असेल तर गोंगाट वाटतो. फार जास्त असेल तर कंटाळा. मधे कुठेतरी गाणं असतं.

हजारो लोकांच्या कानांवरून इराच्या यंत्राने ऐकणारा कसा अंदाज बांधतो ते शिकून घेतलं. आता माणूस लागत नाही. यंत्रालाच एखाद्याची सगळी जुनी गाणी ऐकवायची, मग नवं ऐकवायचं, की आकडा येतो. हे सगळं कशासाठी? तर यंत्राकडून गाणी पाडून घेणाऱ्यांसाठी. एकेक जण दिवसाला चारशे गाणी सोडत होता, सगळी एका साच्यातली. म्हणून स्वरसाठ्याने नियम केला की ज्याची जुनी गाणी ऐकलेल्या कानाला नव्याची चाहूल पंच्याहत्तरच्या वर लागली, त्याचं ते गाणं नवं नव्हे. जाळं यंत्रांसाठी टाकलं होतं, त्यात सर सापडले. आणि जाळं विणलं होतं त्यांच्या लेकीने.

“बाबा, हे तुझ्यासाठी नाहीये,” असं तिने फोनवर सांगितलं होतं.

“मग नियमाला तसं सांगून ये,” म्हणून सरांनी फोन ठेवला. त्याला दोन महिने झाले. तेव्हापासून दोघंही एकमेकांची खुशाली मला विचारतात.

मंगळवारी सर स्टुडिओत येत नाहीत. मी इराला त्याच दिवशी बोलावून घेतलं. ती पाठीला सॅक लावून जिना चढून आली आणि आल्या आल्या विचारलं, “जेवतो का नीट?”

“गुऱ्हाळ काढणार आहेत.”

“अरे देवा.” ती माझ्या खुर्चीत बसली. चेहरा आईचा, बसायची पद्धत बापाची. तिने माझ्या कानामागे चिमटा लावला आणि परत आलेलं गाणं सुरू केलं. तिच्या पडद्यावर एक रेघ सरकायला लागली, सरळ, शांत, तळ्यासारखी.

“मावशी, जिवंत आहेस ना तू? नव्व्याण्णव! इतका सपाट आलेख मी आजवर बघितला नाही.”

“मीच बसवलंय ना गं ते गाणं.”

“तरी. माणूस स्वतःच्या हातची भाजी खातानाही कधीतरी दचकतो.”

मग चिमटा काढून तिने आपल्या यंत्रावर गाण्याची उलटतपासणी सुरू केली. शब्द काढून नुसतं ला-ला ठेवलं, एक्क्याण्णवचा आकडा एकाने खाली आला. चाल उलटीपालटी केली, सूर वरचे खाली केले, अठ्ठ्याऐंशी. वाद्यं बदलली, काहीच नाही. शेवटी वैतागून तिने सूर, शब्द, आवाज सगळंच काढून टाकलं. प्रत्येक अक्षर जिथे सुरू होतं तिथे फक्त एक टक असा ठोका ठेवला. गाण्याचा नुसता सांगाडा. टक टक, टकटक, टक.

शहाऐंशी.

“यंत्र बिघडलं,” इरा म्हणाली.

“खाली चल,” मी म्हणाले. “माणसांवर बघू.”

गिरणीत दुपारी चारला रांग असते. चौगुल्यांनी कपाळाला हात लावला, पण नाही म्हणाले नाहीत. पहिल्या होत्या सुरेखाक्का, मांडीवर जोंधळ्याचा डबा घेऊन. त्यांच्या कानात इराने ते ठोके सोडले.

“काय गं पोरी, ह्ये काय? नुसतं टकटक वाजतंय. सुतार हाय का आत?”

“ऐका तर, आक्का.”

आक्का ऐकू लागल्या. हळूहळू त्यांची मान हलायला लागली. मग एके ठिकाणी त्यांनी डब्यावरचा हात उचलला, हवेत धरला, आणि ठोका पडायच्या नेमक्या क्षणी खाली ठेवला.

“ह्ये उन्मेषचं न्हवं?”

इराचा चेहरा बघण्यासारखा झाला. “कशावरून ओळखलंत?”

“हितं थांबतोय की त्यो. दुसरं कोण थांबतंय असं? माझ्या धाकटीच्या वरातीत ह्येच लावलं हुतं.”

हे गाणं अजून कुणीही ऐकलेलं नव्हतं, हे आक्कांना सांगण्यात अर्थ नव्हता. रांगेतल्या अकरा जणांपैकी नऊ जणांनी ‘टेंबे’ म्हटलं. दहाव्याने ‘हृदयविकाराची तपासणी’ म्हटलं आणि अकराव्याला ऐकायलाच कमी येत होतं.

वर येऊन इराने आलेख ताणून मोठा केला. मुखड्याच्या शेवटी गाणं वर चढतं. तिथे वरच्या सुराआधी एक फट होती. एकतीस शतांश सेकंद. ताल पुढे गेलेला असतो, गाणारा आलेला नसतो, आणि ऐकणाऱ्याचा जीव तेवढा वेळ टांगलेला असतो. मग तो सूर येतो. इराने जुनी गाणी एकामागून एक तपासली. एकतीस. एकतीस. तीस. एकतीस. चाली वेगळ्या, कवी वेगळे, आणि सगळ्यांच्या पोटात हीच एक फट. तिच्या भोवतीच्या सगळ्या जागा आपसूक तिच्याकडे झुकलेल्या.

“आजीची जागा,” इरा म्हणाली.

मला माहीत होतं ती काय म्हणतेय. सर प्रत्येक मुलाखतीत सांगतात. आई भाकरी थापताना ओव्या म्हणायची, भाकरी तव्यावर टाकताना क्षणभर थांबायची आणि मग ओळ पुरी करायची. ते थांबणं गळ्यात उतरलं. ऐकताना बायका डोळे पुसतात. एकदा मीही पुसले होते.

इराचं बोट एकदम थांबलं. सरांच्या पहिल्या दोन अल्बममधली सोळा गाणी तिने लावली होती. तिथे फट नव्हती. एकाही गाण्यात. सूर वेळेवर येत होता, शाळेत पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलासारखा. तिसऱ्या अल्बमपासून एकतीस.

“मावशी, तू यांच्याकडे कधी आलीस?”

“तिसऱ्या अल्बमला.”

खाली गिरणी थांबली. आमच्याकडे शांतता अशी अचानक येते.

“तुझ्या डमी आहेत का?”

डमी म्हणजे कच्चं गाणं. सरांना स्वरलिपी वाचता येत नाही आणि चाल नुसती सांगून त्यांच्या लक्षात राहत नाही. म्हणून पहिल्यापासून आमची पद्धत अशी की आधी मी साध्या आवाजात गाणं म्हणून ठेवते, ते त्यांच्या कानात सोडते, आणि त्यावर ते गातात. मग माझा आवाज काढून टाकायचा. स्लॅब पक्का झाला की खालचं सेंटरिंग काढतात तसा.

“डमी आम्ही पुसतो,” मी म्हणाले.

हे खोटं होतं. एकूण एक डमी माझ्या घरी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, डिस्कमध्ये आहे. का ठेवल्या, ते त्या सर म्हणण्याच्या शेजारीच कुठेतरी पुरलेलं आहे.

बुधवारी मी स्टुडिओत गेलेच नाही. डबा उघडला. पहिली डमी लावली. चोवीस वर्षांची मी, कापऱ्या आवाजात, गळा न कमावलेली, वर चढायच्या आधी थांबते. एकतीस शतांश. इराचं यंत्र लागलं नाही, मला ते पोटात कळलं.

मग मी माळ्यावरून वडिलांचा टेपरेकॉर्डर काढला.

आम्ही गडहिंग्लजजवळच्या वाडीवर राहायचो. वडील एस.टी.च्या डेपोत टायर बदलायचे. घरात वीज असून नसल्यासारखी, म्हणून टेप सेलवर चालायचा आणि सेल संपले की वडील ते पत्र्यावर उन्हात ठेवायचे. तापले की पुन्हा थोडे चालतात. अख्खी वाडी तेच करायची. दुपारी आमच्या पत्र्यांवर सांडगे, कुरडया आणि सेल शेजारी शेजारी वाळत असायचे. कॅसेट एकच होती, सिनेमातल्या गाण्यांची. मी त्या कॅसेटवरून गायला शिकले. दुसरं कुणी शिकवायला नव्हतं.

आता माळ्यावरचा तो टेप हातात घेऊन बसले आणि एवढ्या वर्षांनी मला त्यातली गोम समजली. ती समजायला संशोधक लागत नाही, नुसता टायर बदलणाऱ्याचा हिशेब पुरतो. त्या कॅसेटवर गाणं वर चढायच्या आधी सगळी व्हायोलिनं एकदम उसळतात. आवाज मोठा झाला की स्पीकर जास्त वीज ओढतो. उन्हात तापवलेल्या सेलमध्ये ती असते कुठे? मग मोटरला कमी पडते, चक्र मंदावतं आणि वरचा सूर उशिरा पोचतो. सूर जरा उतरायचाही. तो मी पुढे पेटीवर बसून सुधारला. उशीर सुधारायचा असतो हे मला कुणी सांगितलंच नाही. पुढे कॉलेजात असताना त्यातलं एक गाणं रेडिओवर लागलं आणि सूर वेळेवर आला, तेव्हा मी मैत्रिणीला म्हणाले होते, रेडिओवाल्यांनी चुकीचं लावलंय.

म्हणजे अठ्ठावीस वर्षं महाराष्ट्र रडत होता तो दमलेल्या सेलवर.

मी एकटीच हसत सुटले. मग हसू थांबेना म्हणून पाणी प्यायले. तेवढ्यात दुसरी गोष्ट आठवली आणि पेला खाली ठेवला. ती मला सेलच्या आधीपासून माहीत होती, फक्त मी तिच्याकडे तोंड करून उभी राहिले नव्हते.

गुरुवारी मी सगळ्यात सोपं ते केलं. नव्या गाण्यातली फट माऊसने धरली आणि मिटवून टाकली. सूर ओढून तालावर आणून ठेवला. इराला पाठवलं. दहा मिनिटांत तिचा फोन आला, आवाजात उड्या. “अठ्ठावन्न! मावशी, पास! बाबाला सांग!”

सरांना बोलावलं. ते डोळे मिटून ऐकत बसले. गाणं संपलं.

“छान आहे,” ते म्हणाले. “कोण आहे हा मुलगा?”

“सर...”

“नाही, चांगला गातो. स्वच्छ. काही त्रास नाही आवाजात. याचं चालेल.” त्यांनी डोळे उघडले. “पाठवून दे. माझं नाव लावून. यंत्रांची गाणी चालतात, तर हेही चालेल.”

ते उठले. उठताना त्यांनी खुर्चीचा हात धरला. मला पुढच्या कितीतरी सोमवारांच्या रिकाम्या खुर्च्या दिसल्या.

“बसा,” मी म्हणाले. अठ्ठावीस वर्षांत मी त्यांना अशा आवाजात काही सांगितलं नव्हतं. ते बसले.

मी पहिली डमी लावली. मग त्यावर त्यांचं गाणं. माझा आवाज थांबतो, त्यांचा थांबतो. मग सेलचं सांगितलं. पत्रा, सांडगे, व्हायोलिनं, सगळं. खाली गिरणी घरघरत होती, त्यामुळे मला मोठ्याने सांगावं लागलं. असल्या गोष्टी ओरडून सांगायच्या नसतात.

सरांनी टेबलावरची डमीची डिस्क उचलून उलटसुलट करून पाहिली.

“म्हणजे माझ्या आईचं काही नाहीच त्यात.”

“मला माफ करा. तुमच्या आईंचं तुम्ही इतकं मनापासून...”

“शलाका, माझी आई गात नसे.”

मी पडद्यावरचं गाणं बंद केलं.

“तिला गाण्याचा तिटकारा होता. भाकरी थापताना ती फक्त वडिलांना बोलायची. एका मुलाखतीत विचारलं, ही जागा कुठून आली? मला माहीत नव्हतं. माहीत नाही म्हणायची लाज वाटली. आईचं नाव घेतलं की पुढचं कुणी विचारत नाही.” त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. “दरवेळी वाटायचं, जिचं आहे ती एक दिवस येऊन मागेल.”

“मी काही मागत नाहीये.”

“ते दिसतंय.”

आता दुसरी गोष्ट राहिली होती. ती न सांगताही चाललं असतं. त्या क्षणाला आमच्यात इतकं बरं चाललं होतं की तिथेच थांबावं असं मला फार वाटलं.

“अजून एक आहे,” मी म्हणाले आणि नव्या गाण्याचं मूळ, हात न लावलेलं ध्वनिमुद्रण लावलं. आधीच्या एका सोमवारी ते जसे गायले होते तसं.

मुखडा वर चढला. फट आली. आणि संपेना. पासष्ट शतांश. त्यात एक श्वास ऐकू येतो, आत ओढलेला, थोडा खरखरीत. मग सूर. दुसऱ्या वेळी ऐंशी. तिसऱ्या वेळी पन्नास, घाईघाईने.

“हे मी आहे?”

“हो.”

“मग आधीचं, तू दर वेळी पाठवतेस ते?”

“मी कापते. साताठ वर्षं झाली. तुमचा श्वास लांबायला लागला तेव्हापासून. मधला भाग कापून एकतीसवर आणते. पहिल्या गाण्यासारखं.”

त्यांचा चेहरा पहिल्यांदा बदलला. आईचं ऐकूनही बदलला नव्हता.

“म्हणजे लोक म्हणतात टेंबे सारखाच गातो, टेंबे सारखाच गातो, आणि मी वेडा इथे दर सोमवारी वेगळं गाऊन जातो. आणि तू?”

“लोक म्हणाले असते, सरांचा दम कमी झाला.”

“झालाच आहे!” ते इतक्या जोरात म्हणाले की खालून चौगुल्यांनी काय झालं म्हणून हाक मारली. “दम कमी झालाय, गुडघा दुखतो, अनघा गेली, पोरगी बोलत नाही. हे सगळं कुठे आहे त्या गाण्यात? तू माझ्या म्हातारपणाला कात्री लावत बसलीस, शलाका. मला एकदा विचारलंस?”

नाही विचारलं. विचारलं असतं तर त्यांनी नको म्हटलं असतं आणि मग मला ते म्हातारे होताना ऐकावं लागलं असतं. हे मी त्यांना सांगितलं नाही. बहुतेक ते त्यांना ऐकू गेलं, कारण ते मघासारखे ओरडले नाहीत. चप्पल घालून जिना उतरून गेले. चहा तसाच राहिला आणि थरथरत राहिला.

शुक्रवारी फोन नाही. शनिवारी नाही. रविवारी मी इराला सगळं सांगितलं, डमीच्या खोट्यासकट. तिने डमी नीट ठेवल्यात ना, एवढंच विचारलं. मग म्हणाली, “उद्या मी येते. तो आला तर.”

सोमवारी गिरणी बंद होती. साडेदहा वाजून गेले. इरा खिडकीत उभी, मी टेबलाशी. मी चार वेळा तारा काढून पुन्हा लावल्या. अकराला पाच कमी असताना जिन्यावर पावलं वाजली, मधे एकदा थांबून.

सरांनी इराकडे पाहिलं, तिने त्यांच्याकडे.

“तुझ्या यंत्राला म्हातारी माणसं कळतात का?”

“त्याला फक्त सवय कळते, बाबा.”

“बरं आहे. म्हणजे आपल्या तिघांत तेच हुशार.” मग जाता जाता त्यांनी तिच्या डोक्यावर टपली मारली, आणि दोन महिने संपले. आमच्याकडे समेट एवढाच असतो.

काचेपलीकडे जाऊन त्यांनी कानाला हेडफोन लावला. मी सवयीने डमी सुरू करणार, तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

“तुझा आवाज नको. नुसता ताल आणि वाद्यं दे.”

अठ्ठावीस वर्षांत हे मी पहिल्यांदा ऐकत होते. त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, इतकं ते साधं होतं.

“आणि नंतर त्या माऊसला हात लावलास तर गुऱ्हाळावर कामाला ठेवीन.”

इराने माझ्या कानामागे चिमटा लावला. “सगळ्यात पक्का कान तुझाच आहे,” ती कुजबुजली. “नव्व्याण्णववाला.”

त्या गाण्याचं पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते. स्वरसाठ्याने ते घेतलं. चाहूल चौऱ्याहत्तर. काठावर पास, आणि कुठल्याही परीक्षेत मी काठावर का होईना पास झाले ही कॉलेजनंतरची पहिलीच वेळ. आठवड्याभरात लोकांनी लिहायला सुरुवात केली की टेंबे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत, पूर्वीची गाणी कशी एकेक वेगळी असायची. सर ते प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवतात आणि चहात बिस्किट बुडवतात. सुरेखाक्कांनी गिरणीत तक्रार केली, “त्यो वेळंवर का येत न्हाई आता? वाट बघता बघता माझं पीठ उतू गेलं.” मुलाखतीत परवा कुणीतरी त्यांना ती जागा कुठून आली विचारलं. ते म्हणाले, गडहिंग्लजच्या एका पत्र्यावरून. मुलाखतकाराला ते काव्य वाटलं.

पण त्या सोमवारी यातलं काही झालेलं नव्हतं. ते गात होते. आवाजात खरखर होती, खालचे सूर जड होते, आणि मला माझ्याच बसवलेल्या गाण्यातलं पुढचं अक्षर न् अक्षर ठाऊक होतं. इराच्या पडद्यावरची माझी रेघ तळ्यासारखी सपाट सरकत होती. मुखडा वर चढला. व्हायोलिनं उसळली. सर थांबले.

एकतीस शतांश गेले. माझ्या आत काहीतरी ठरल्या वेळी पायरीवर पाय टाकायला गेलं आणि पायरी नव्हती. इराने माझा दंड धरला. तिच्या पडद्यावरची रेघ उसळून वर गेली होती. ताल पुढे चालला होता. काचेपलीकडे सरांनी डोळे मिटले होते, छाती हळूहळू भरत होती, आणि माझा उजवा हात माऊसपासून वीतभर अंतरावर टेबलावर नुसता पडून होता.

वरचा सूर यायचा होता. कधी येणार, ते मला माहीत नव्हतं.